अस्वल, पिस्तूल आणि दोन सेकंद

दोन वर्षांपूर्वी मी कामानिमित्त सिॲटलला होतो. सप्टेंबरातली जोडून आलेली सुट्टी बघून ऑफिसातल्या आम्ही चौघांनी मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचं ठरवलं. पार्कच्या अलीकडच्या एका गावात सामान घ्यायला दुकानात शिरलो. भिंतीवर सॅक, तंबू, बूट. मधल्या काचेच्या काउंटरखाली पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर, मोबाइलच्या दुकानात नवी मॉडेलं मांडतात तशी ओळीने. आमच्यातला एक जण अमेरिकन. त्याने काउंटरमागच्या आजोबांना सहज विचारलं, "ट्रेकला न्यायचंय. अस्वल आलं तर यातलं कुठलं बरं?"

आपल्याकडे टपरीवर 'सचिन मोठा की कोहली' विचारलं तर काय होईल, तेच तिथे झालं. आजोबा एक सांगतायत तोवर शेजारचं गिऱ्हाईक दुसरं सांगू लागलं. दाराशी उभा असलेला तिसरा आत आला तो आपलं मत घेऊनच. .४४ मॅग्नम, १० एमएम, .४५४ कॅसूल. आकड्यांवर आकडे. माझा चंद्रपूरचा रूममेट माझ्या कानाशी म्हणाला, "आमच्याकडे बाया पहाटे मोहफुलं वेचाले रानात जातात. त्यांना कोणी कॅलिबर नाही विचारत."

आम्हा दोघांना या चर्चेत तसंही मत नव्हतं. आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना तिथला केंद्रीय कायदा बंदूकच काय, काडतूसही बाळगू देत नाही. शिकारीचा परवाना असल्यास थोडी सूट आहे, तेवढीच. शेवटी अमेरिकन मित्रानेही पिस्तुलाचा विचार सोडला आणि आम्ही चौघांत मिरचीच्या स्प्रेचे दोन डबे घेऊन बाहेर पडलो.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. परत आल्यावर त्याबद्दल वाचत गेलो. तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे, आणि त्यातली बरीच वर्षं तो भलत्याच बाजूने विचारला गेला आहे.

रिकामी बंदूक

१८०४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी पश्चिमेकडचा मुलूख शोधायला एक तुकडी पाठवली. तिचे प्रमुख होते मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क. वाटेत भेटलेल्या मूळ रहिवाशांनी त्यांना ग्रिझली अस्वलाबद्दल आधीच सावध केलं होतं. ग्रिझली म्हणजे तपकिरी अस्वलाचा खंडाच्या आतल्या भागात राहणारा भाऊबंद. मोठा नर दोन-अडीचशे किलोंच्या पुढे सहज जातो. लुईसला वाटलं, या लोकांकडे धनुष्यबाण नाहीतर जुनाट बंदुका, म्हणून ते घाबरतात. चांगली रायफल हातात असलेल्या नेमबाजाला कसली भीती?

हा आत्मविश्वास आठवडाभर टिकला. ५ मे १८०५ रोजी क्लार्क आणि त्याच्या एका सोबत्याने मिसुरी नदीच्या काठी एक ग्रिझली मारलं. त्याला दहा गोळ्या लागल्या होत्या, त्यातल्या पाच फुप्फुसांतून गेलेल्या. तरी ते निम्म्याहून जास्त नदी पोहून वाळूच्या बेटावर पोचलं आणि मरायला वीसेक मिनिटं लागली. १४ मे रोजी सहा जणांनी मिळून एका अस्वलावर चाल केली. चौघांनी एकदम बार काढले, दोघांनी राखून ठेवले. अस्वल उलटं त्यांच्यावरच धावून आलं. दोघांनी बंदुका टाकून वीस फूट उंच दरडीवरून नदीत उड्या मारल्या, तर त्यांच्यामागे अस्वलानेही मारली. शेवटी काठावरून कुणीतरी डोक्यात गोळी घातली तेव्हा ते थांबलं.

मला सर्वांत जास्त आवडतो तो प्रसंग याच्या महिनाभरानंतरचा आहे. १४ जूनला लुईस एकटाच होता. त्याने एक रानगवा मारला आणि तो कोसळताना बघत उभा राहिला. बंदूक पुन्हा भरायचं विसरला. मागे वळून पाहतो तर वीस पावलांवर अस्वल. त्या काळच्या बंदुकीत दारू ठासून, गोळी घालून ती तयार करायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागायचं. लुईस पळाला, कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि हातातला भाला पुढे धरून उभा राहिला. अस्वल काठापर्यंत आलं, थबकलं, वळलं आणि निघून गेलं.

म्हणजे या मोहिमेने महिन्या-दीड महिन्यात दोन गोष्टी पाहिल्या होत्या. गोळ्या लागूनही अस्वल थांबत नाही, ही एक. आणि अस्वल कधीकधी गोळीशिवायही थांबतं, ही दुसरी. पुढच्या दीडशे वर्षांनी पहिली गोष्ट पाठ केली. दुसरी डायरीतच राहिली.

'द रेव्हनंट' हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यातल्या ह्यू ग्लासची मूळ गोष्ट १८२३ची, आजच्या साउथ डकोटातली. त्याच्याकडेही बंदूक होती. पिलांसोबतची अस्वलीण झाडीतून इतक्या जवळून आली की बंदुकीने वाचण्याइतका वेळच नव्हता.

मोठी गोळी, आणखी मोठी गोळी

सॅम्युअल कोल्टने १८३६ साली रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि एकदा भरलं की पाच-सहा बार काढता येतील असं हत्यार कमरेला आलं. पण ग्रिझलींचा नायनाट केला तो रायफलींनी, सापळ्यांनी आणि विषाने. १८००च्या सुमारास अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत अंदाजे पन्नास हजार ग्रिझली होती. १९७५ साली सरकारने त्यांना संरक्षण दिलं तेव्हा सात-आठशेच उरली होती. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर आजही ग्रिझली चालतं आहे. राज्यातलं शेवटचं ग्रिझली १९२०च्या दशकातच संपलं.

गंमत अशी की अस्वलं संपत आली तेव्हा अस्वलासाठीच्या हँडगनचं युग सुरू झालं. १९३५ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने .३५७ मॅग्नम आणलं. कंपनीचे मेजर डग्लस वेसन स्वतः ते घेऊन मोठ्या जनावरांच्या शिकारीला गेले आणि त्याची भरपूर जाहिरात झाली. मग आला एल्मर कीथ. आयडाहोतला हा रँचर डोक्यावर भली मोठी हॅट घालायचा आणि बंदुकांवर मासिकांत लिहायचा. तो वर्षानुवर्षं जुन्या .४४ स्पेशल काडतुसात जास्तीची दारू भरून प्रयोग करत होता. त्याच्या पाठपुराव्यातून १९५५च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं. १९७१ साली 'डर्टी हॅरी'मध्ये क्लिंट ईस्टवुडच्या हातात ते दिसलं आणि दुकानांत मिळेनासं झालं.

पुढे शर्यतच लागली. पन्नासच्या दशकात डिक कॅसूलने तयार केलेलं .४५४ कॅसूल १९८३ साली विक्रीला आलं. २००३ साली .५०० एस अँड डब्ल्यू मॅग्नम आलं. त्याचं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर दोन किलोंचं, म्हणजे माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपहून जड.

यामागचं गणित कळायला सोपं आहे. पोलिसांकडे असतं तसं ९ एमएम पिस्तूल गोळीला ४५०-५०० ज्यूल ऊर्जा देतं. .४४ मॅग्नम साधारण १३००-१४००. शिकारीची नेहमीची .३०-०६ रायफल ३८००च्या घरात. हँडगन कितीही मोठी घ्या, ती रायफलीच्या मागेच असते. अलास्कातल्या जुनो इथल्या अमेरिकन वनसेवेच्या संशोधकांनी १९८३ साली अस्वलांच्या मुलखात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी जवळच्या अंतरावर वेगवेगळ्या काडतुसांची चाचणी घेतली. वरचे क्रमांक दणदणीत रायफलींना गेले. हँडगन बऱ्याच खाली राहिल्या.

ज्यूलचा आकडाही अर्धवटच सांगतो. धावत येणारं अस्वल गोळीच्या धक्क्याने मागे उडत नाही, ते फक्त सिनेमात. ते जागच्या जागी थांबतं ते मेंदूला किंवा कण्याला गोळी लागली तर. हृदयात लागली तरी मेंदूत उरलेल्या रक्तावर ते काही सेकंद धावू शकतं, आणि त्याला तेवढेच सेकंद लागतात. म्हणून जाणकार अस्वलासाठी आत शिरून पसरणारी गोळी टाळतात आणि कडक, जड, सपाट टोकाची घेतात. ती पसरत नाही, हाडामांसातून खोल जाते. पण त्यासाठी आधी ती योग्य जागी लागायला हवी. धावताना अस्वलाचं डोकं खालीवर होत असतं, पुढे लांबलचक नाक आणि मागे लहानसा मेंदू. आणि ग्रिझली ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरने धावतं, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. तीस मीटरवर दिसलं तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज ज्या चुकीवर हसतो तीच ही. सिस्टिम स्लो आहे म्हणून कुणीतरी आणखी मोठा सर्व्हर घेतो. पैसे जातात, सिस्टिम तशीच. कारण अडचण प्रोसेसरची नव्हतीच, नेटवर्कवर वाट बघण्यात वेळ जात होता. इथे सगळे मोजत होते गोळीची ताकद. अडत होतं दोन सेकंदांपाशी.

कचरा आणि मिरची

१३ ऑगस्ट १९६७. आम्ही गेलो त्याच ग्लेशियर पार्कमध्ये, एकाच रात्री, काही मैलांच्या अंतरावरच्या दोन मुक्कामांवर, दोन वेगळ्या ग्रिझलींनी एकोणीस वर्षांच्या दोन मुलींना मारलं. पार्क १९१० साली सुरू झालं तेव्हापासून तिथे ग्रिझलीने माणूस मारल्याची नोंद नव्हती. सत्तावन्न वर्षांत एकही नाही, आणि एका रात्रीत दोन.

चौकशीत जे पुढे आलं ते वाचताना पोटात कालवतं. एका मुक्कामाजवळच्या डोंगरी विश्रामगृहाचं उरलंसुरलं अन्न मागच्या बाजूला टाकलं जायचं. रात्री अस्वलं यायची आणि पर्यटक गॅलरीतून मजा बघायचे. दुसऱ्या ठिकाणी एक खंगलेलं अस्वल उन्हाळाभर लोकांच्या मुक्कामांवर येऊन खाणं पळवत होतं, आणि त्याच्या तक्रारीही झाल्या होत्या. माणसाचा वास म्हणजे जेवण, हे त्या जनावरांना माणसांनीच शिकवलं होतं. त्या मुलींकडे कुठलं पिस्तूल हवं होतं, या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही. त्या झोपेत होत्या.

त्यानंतर नियम बदलले. कचऱ्याचे डबे अस्वलाला उघडता येणार नाहीत असे झाले, अन्न उंचावर टांगणं सक्तीचं झालं, यलोस्टोन पार्कने आपले उघडे उकिरडे बंद केले. आणि मोंटानातल्या मिझूला शहरात काही लोकांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. अस्वल मेलंच पाहिजे का? वळलं तर पुरत नाही का?

लुईसच्या डायरीतली ती दुसरी गोष्ट पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा वर आली होती. तिथल्या विद्यापीठात चार्ल्स जॉन्कल हे अस्वलांचे अभ्यासक होते. त्यांच्याकडे शिकणाऱ्या कॅरी हंट या विद्यार्थिनीने पिंजऱ्यातल्या अस्वलांवर वेगवेगळी हुसकावणारी साधनं वापरून पाहिली. त्यातून मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, सगळ्यांत आशादायक ठरला. ऐंशीच्या दशकात बिल पाउंड्स यांनी त्याचा दाबाखाली भरलेला डबा तयार केला.

आपल्या स्वयंपाकघरात फोडणीत मिरची जास्त झाली की सगळं घर खोकतं. तेच तत्त्व. डबा सात-आठ सेकंदांत आठ-नऊ मीटरपर्यंत केशरी ढग सोडतो. नेम धरायला लागत नाही, पुढे आणि थोडं खाली फवारायचं आणि अस्वलाने त्या ढगात शिरायचं. डोळे, नाक, घसा पेटतो आणि ते वळतं. तासाभराने बरंही होतं. उलट दिशेचा वारा असला तर मात्र निम्मा ढग आपल्याच तोंडावर येतो.

आकडे काय म्हणतात

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत भरलेली बंदूक बाळगायला बरीच वर्षं मनाई होती. २००९ साली क्रेडिट कार्ड कंपन्यांना लगाम घालणारा एक कायदा झाला आणि त्याच्या शेपटीला उद्यानांत बंदूक नेऊ देणारं कलम जोडलं गेलं. खरंच, क्रेडिट कार्डच्या कायद्यात. २२ फेब्रुवारी २०१०पासून ते लागू झालं. मे महिन्यात अलास्कातल्या डेनाली पार्कमध्ये दोघे जण चालले होते. झुडपातून एक ग्रिझली त्यांच्यातल्या एकावर धावलं. दुसऱ्याकडे .४५चं पिस्तूल होतं. काउंटरवरच्या आजोबांच्या यादीत हे अस्वलासाठी कमकुवत ठरलं असतं. त्याने नऊच्या आसपास गोळ्या झाडल्या. अस्वल झुडपात परतलं. ते मेलं की जखमी होऊन फिरतंय हे कळेपर्यंत तेवढा भाग बंद ठेवावा लागला. नंतर तीसेक मीटरवर ते मेलेलं सापडलं. माणसं सुखरूप.

म्हणजे पिस्तूल कामाला येतं. हे मान्य न करणारा माणूस प्रामाणिक नाही. प्रश्न आहे किती वेळा आणि कशामुळे.

टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदी गोळा करून दोन अभ्यास प्रसिद्ध केले. २००८चा पहिला स्प्रेबद्दल. १९८५ ते २००६ या काळात लोकांनी अस्वलावर स्प्रे मारल्याच्या ७२ घटना. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा अस्वलाने जे चालवलं होतं ते थांबवलं. जवळून गाठ पडलेल्या स्प्रेधारी माणसांपैकी ९८ टक्क्यांना इजा झाली नाही. २०१२चा दुसरा अभ्यास बंदुकांचा. १८८३ ते २००९पर्यंतच्या २६९ घटना. त्यात हँडगन ८४ टक्के वेळा यशस्वी ठरल्या, रायफल-शॉटगन ७६ टक्के वेळा.

बारीक बघा. ताकदीने कितीतरी मागे असलेली हँडगन टक्केवारीत मागे पडली नाही. हँडगनच्या घटना थोड्या असल्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण कारण कळतं. हँडगन कमरेला असते, रायफल खांद्यावर किंवा झाडाला टेकवलेली. बंदूक का फसली याच्या कारणांतही सर्वांत वर होतं 'वेळच मिळाला नाही', २७ टक्के. त्यानंतर वापरलीच नाही, अडकली, अस्वल फार जवळ आलं होतं, नेम चुकला, सेफ्टीचा खटका वेळेवर निघाला नाही. सगळी कारणं माणसाची आणि वेळेची. ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांनी जवळ असून चालवली नाही, त्यांच्या इजांत संख्याशास्त्राला दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही.

स्प्रे जिंकला आणि बंदूक हरली, असं म्हणायची घाई मात्र नको. स्प्रेच्या घटनांत नुसत्या कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही होती, चाल करून आलेलीच होती असं नाही. दोन्ही याद्या एका तराजूत घालता येत नाहीत. आणि ज्याने एक बार हवेत काढून अस्वल पळवलं तो घरी जाऊन कुणाला कळवत बसत नाही.

मग कुठलं बरं?

ग्रीनलंडच्या ईशान्य टोकाला डेन्मार्कच्या नौदलाची सिरियस नावाची गस्त असते. दोन माणसं आणि कुत्र्यांची घसरगाडी, महिनोन्‌महिने बर्फात. त्यांचा सामना ध्रुवीय अस्वलाशी. त्यांच्या कमरेला असतं १० एमएमचं ग्लॉक २०. हे काडतूस १९८३ साली आलं ते माणसांविरुद्धच्या लढाईसाठी. पंधरा गोळ्या मावतात, धक्का सोसवतो, थंडीत चालतं. खांद्याला रायफलही असतेच. २०१६ साली अलास्कातल्या एका मुरलेल्या गाइडने पाहुण्यांवर धावून आलेलं तपकिरी अस्वल चक्क ९ एमएमने मारलं. त्या दिवशी तेच त्याच्याजवळ होतं, आणि ते कसं चालवायचं हे त्याच्या हाताला माहीत होतं.

म्हणून ज्याला कायद्याने पिस्तूल बाळगता येतं, जो सॅमनच्या नदीकाठी एकटा काम करतो, त्याने ते जरूर घ्यावं. पण जे पेलतं, ज्याचा दुसरा बारही नेमावर जातो, जे सॅकच्या पट्ट्यांखालून निघतं, आणि ज्याचा सराव केलाय तेच. दोन किलोंचं रिव्हॉल्व्हर दुसऱ्या दिवशी सॅकच्या तळाशी जातं. मग त्याची नळी किती मोठी याला काडीची किंमत नाही.

हे सगळं मी शहाणपणाने लिहितोय खरं, पण ग्लेशियरमधला आमचा पहिला दिवस सांगायचा राहिला. पायवाट एका वळणावर दाट झाडीत शिरली. उजवीकडे काहीतरी मोठं हललं. मी हात मागे नेला. स्प्रे सॅकच्या बाजूच्या कप्प्यात, वरून पावसाचं कव्हर चढवलेलं. माझी बोटं त्या प्लास्टिकवर घसरत होती तेवढ्यात झाडीतून एक हरीण बाहेर आलं, आमच्याकडे बघून गेलं. दुसरा डबा असलेला मित्र तर दोनशे मीटर मागे फोटो काढत होता. लुईसची बंदूक रिकामी होती, माझा डबा भरलेला होता. फरक काहीच नव्हता.

तिथेच थांबून डबा कमरेच्या पट्ट्याला अडकवला, चालता चालता पाच-सहा वेळा काढून बघितला. फोटोवाल्याला पुढे घेतलं. मग चौघे जवळजवळ, मोठ्याने बोलत निघालो, कारण बेसावध गाठलेलं अस्वलच बहुतेक वेळा अंगावर येतं. प्रत्येक वळणाआधी रूममेट टाळ्या वाजवून ओरडायचा, "ए अस्वला, आलो रे आम्ही! सरक बाजूला!"

अमेरिकन मित्राने विचारलं, हे काय चाललंय. रूममेट म्हणाला, "मोहफुलं वेचणाऱ्या बायांकडून शिकलोय."

त्या तीन दिवसांत एकच ग्रिझली दिसलं. दरीच्या पलीकडच्या उतारावर, दुर्बिणीतून, पंजाने मुळं उकरत. त्याने मान वर करून एकदा आमच्या बाजूला पाहिलं आणि पुन्हा उकरायला लागलं. पन्नास हजारांतून सात-आठशेवर आलेली ती जात अलास्काबाहेर आता कशीबशी दोन हजारांपर्यंत सावरली आहे. आम्ही बराच वेळ बसून बघत होतो. कुणाचाच हात कमरेकडे गेला नाही.